समुद्रकिनाऱ्यावरचे गाव आणि आपली टेकडी



आपल्या तालुक्याचे नाव समुद्रपूर आहे. पण समुद्रपूरला समुद्र नाही. आपल्या गिरडला तर नाहीच नाही. आपल्याकडे टेकडी आहे, जंगल आहे, तळे आहे, नाले आहेत. समुद्र पाहायचा तर लई लांब जावे लागते. म्हणून आपल्या वर्गातल्या बहुतेक मुलांनी समुद्र चित्रातच पाह्यला आहे.

माझा मामा रत्नागिरी जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी आहे. मागच्या वर्षी होळीच्या सुमारास आई, आजी आणि मी त्याच्याकडे गेलो होतो. वर्ध्याहून रेल्वेने कल्याण आणि पुढे एस.टी.ने मंडणगड. मामाने आम्हाला वेळास नावाचे गाव दाखवले. हे गाव मंडणगड तालुक्यात आहे. पेशवाईतले नाना फडणवीस यांचे हे मूळ गाव. जवळच सावित्री नदी समुद्राला मिळते आणि तिथे बाणकोटचा किल्ला आहे. समुद्रकिनारी लोक काय करतात, तिथे काय पाहावे आणि काय सांभाळावे, ते मी या लेखात सांगणार आहे. शेवटी आपल्या टेकडीबद्दलही सांगणार आहे, कारण त्या दोन्हींचा संबंध आहे.

समुद्राचे पाणी

समुद्राचे पाणी खारट असते हे सर्वांना माहीत आहे. पण किती खारट? एक लिटर समुद्राच्या पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम मीठ असते. ते पाणी पिले तर तहान भागत नाही, उलट वाढते. म्हणून समोर एवढे पाणी असूनही तिथल्या गावाला विहीर लागते. आजी म्हणाली, "एवढं पाणी, पण चहा करता येत नाही बाप्पा!"

समुद्र दिवसभर सारखा राहत नाही. तो पुढे येतो आणि मागे जातो. पुढे येतो तेव्हा भरती आणि मागे जातो तेव्हा ओहोटी. दिवसातून साधारण दोन वेळा भरती आणि दोन वेळा ओहोटी येते. भरतीनंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. हे मुख्यतः चंद्राच्या ओढीने होते. थोडी ओढ सूर्याचीही असते. अमावस्येला आणि पौर्णिमेला दोघांची ओढ एका रेषेत येते. तेव्हा पाणी जास्त वर चढते. त्याला उधाणाची भरती म्हणतात. अष्टमीच्या सुमारास भरती लहान असते. तिला भांगाची भरती म्हणतात.

कोकणातले लोक घड्याळ न पाहता भरतीची वेळ काढतात. त्याचे गणित सोपे आहे. आजची तिथी घ्या, तिला ३ ने गुणा आणि ४ ने भागा. जे उत्तर येईल तितक्या वाजता पूर्ण भरती. समजा आज चतुर्थी आहे. ४ गुणिले ३ म्हणजे १२, भागिले ४ म्हणजे ३. तर तीन वाजता भरती. अष्टमीला सहा वाजता. हे अंदाजाचे गणित आहे, थोडे मागेपुढे होते. पण होडी कधी लोटायची ते त्याने समजते. आपल्याकडे पंचांग चतुर्थी-एकादशीला पाहतात, तिकडे समुद्रासाठीही पाहतात.

किनाऱ्यावर काय पाहावे, काय खेळावे

ओहोटी लागली की ओली वाळू उघडी पडते. ती घट्ट असते. तिच्यावर लंगडी आणि कबड्डी खेळायला मजा येते. पडलो तरी गुडघे फुटत नाहीत. कोरड्या वाळूत मात्र पाय रुततात आणि दुपारी ती तव्यासारखी तापते. म्हणून किनाऱ्यावर सकाळी नाहीतर संध्याकाळी जावे.

ओल्या वाळूवर बारीक बारीक गोळ्या मांडलेल्या दिसतात. कोणी रांगोळीच काढली असे वाटते. ते काम लहान खेकड्यांचे आहे. ते वाळू तोंडात घेतात, तिच्यातले खाणे काढून घेतात आणि उरलेल्या वाळूची गोळी करून बाजूला टाकतात. आपली सावली पडली की सगळे बिळात. हालचाल न करता बसले की हळूच एकेक बाहेर येतो. मी मोजत बसली होती, पण सतरानंतर मोजणी चुकवली त्यांनी.

शंख-शिंपले खूप सापडतात. पण हातात घेतलेला शंख उलटून पाहावा. कधी कधी त्यात जीव असतो. कधी दुसऱ्याच्या शंखात खेकडा राहायला आलेला असतो. असा शंख तिथेच ठेवावा. घर आपण आणले तर तो राहील कुठे?

किनाऱ्याच्या मागे सुरूची उंच झाडे आहेत. वारा सुटला की ती सूं सूं वाजतात. त्याच्यामागे नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत. पोफळ म्हणजे सुपारीचे झाड. ते ताडासारखे सरळ असते, पण बारीक. झाडाची खरी सुपारी मी तिथे पहिल्यांदा पाह्यली. गिरडच्या माणसाला सुपारी म्हटले की टेकडीवरचे गोटेच आठवतात. त्याबद्दल पुढे सांगते.

जवळच्या वेसवी गावाहून फेरीबोट सुटते आणि खाडीपलीकडे बागमांडल्याला जाते. तिच्यात माणसांबरोबर मोटारीसुद्धा चढतात. पलीकडे रायगड जिल्हा लागतो आणि हरिहरेश्वर आहे.

मासे धरायलाही नियम आहे. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांनी मासेमारी करायला बंदी असते. एक तर तेव्हा समुद्र खवळलेला असतो. दुसरे म्हणजे पुष्कळ मासे तेव्हा अंडी देतात. दोन महिने त्यांना सोडले तरच पुढे दहा महिने मासे मिळतात.

विहिरीतले पोहणे आणि समुद्रातले पोहणे

हा भाग सर्वांनी नीट वाचावा. आपल्याकडची पुष्कळ मुले विहिरीत आणि तळ्यात पोहतात. त्यांना वाटते की आपल्याला समुद्रातही पोहता येईल. तसे नाही. विहिरीचे पाणी जागच्या जागी राहते. समुद्राचे पाणी चालते. लाटेबरोबर जे पाणी वर येते ते परत जाताना पायाखालची वाळू ओढून नेते. काही जागी परत जाणारे पाणी एका पट्ट्यात जोराने आत जाते. त्या पट्ट्यात लाटा कमी दिसतात म्हणून नवा माणूस नेमका तिथेच उतरतो. आणि फसतो.

मामाने आम्हाला हे नियम सांगितले :

१) ओहोटीच्या वेळी पाण्यात उतरू नये.
२) पावसाळ्यात तर उतरूच नये.
३) गावातल्या माणसाला विचारल्याशिवाय जाऊ नये. तो नको म्हणाला तर नको.
४) गुडघ्याच्या वर पाणी येऊ देऊ नये आणि मोठा माणूस सोबत असावा.
५) पाणी आत ओढू लागले तर त्याच्या उलट किनाऱ्याकडे झटू नये, दम संपतो. घाबरू नये, तरंगत राहावे, हात वर करून ओरडावे. पोहता येत असेल तर आधी आडवे, म्हणजे किनाऱ्याला धरून बाजूला जावे आणि मग बाहेर यावे.

आपल्या गावचे लोक सहलीला जातात तेव्हा त्यांना हे कोणी सांगत नाही. म्हणून पालकांनीही हे वाचावे अशी विनंती आहे.

कासवांचे गाव

आता मुख्य गोष्ट सांगते. वेळासच्या किनाऱ्यावर समुद्री कासवे अंडी घालायला येतात. त्या कासवाचे नाव ऑलिव्ह रिडले. ते आपल्या तळ्यातल्या कासवापेक्षा पुष्कळ मोठे असते. त्याचे वजन ३५ ते ५० किलो असते, म्हणजे आपल्या वर्गातल्या मुलाहून जास्त. त्याला पाय नसतात, वल्ह्यासारखे पर असतात. ते समुद्रात राहते पण श्वास घ्यायला वर यावे लागते, कारण त्याला माशासारखे कल्ले नसतात, फुप्फुसे असतात.

थंडीच्या दिवसांत रात्री मादी किनाऱ्यावर येते. ती मागच्या परांनी वाळूत सुमारे दीड फूट खोल खड्डा करते. त्यात शंभर ते दीडशे अंडी घालते. अंडी पांढरी आणि गोल असतात, टेबल टेनिसच्या चेंडूसारखी. मग ती खड्डा बुजवते आणि समुद्रात परत जाते. परत पाहायला येत नाही. कोंबडी अंड्यावर बसते, कासव बसत नाही. वाळूची ऊबच अंडी उबवते. वाळू जास्त तापली तर पिल्लांत माद्या जास्त निघतात, थंड राहिली तर नर जास्त निघतात. साधारण ४५ ते ६० दिवसांनी पिल्ले बाहेर पडतात.

पण पूर्वी फार थोडी पिल्ले बाहेर पडत. कासवाच्या पावलांचे मोठे ठसे वाळूवर उमटतात. त्यावरून कुत्री आणि कोल्हे अंडी शोधून उकरत. माणसेही अंडी काढून खात आणि विकत. कासवाला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षण आहे. पण रात्री वाळूवर कायदा येऊन बसत नाही, कोणीतरी माणूस बसावा लागतो.

२००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने वेळासला काम सुरू केले. गावातलेच लोक पुढे आले. त्यांना कासवमित्र म्हणतात. ते पहाटे किनारा चालतात. ठसे दिसले की घरटे शोधतात. अंडी हळूच काढून जाळीच्या कुंपणात तसाच खड्डा करून ठेवतात. वर पाटी लावतात. पाटीवर तारीख आणि अंडी किती ते लिहितात. दिवस भरत आले की त्यावर टोपली पालथी घालतात आणि रोज सकाळ-संध्याकाळ टोपली उचलून पाहतात.

आम्ही गेलो तेव्हा टोपलीखाली पिल्ले निघाली होती. एकेक पिल्लू काडीच्या पेटीएवढे. त्यांना पाण्यात नेऊन टाकत नाहीत. थोडे अलीकडे वाळूवर सोडतात आणि ती आपल्या परांनी चालत जातात. दोरी बांधलेली असते, सगळ्यांनी दोरीमागे उभे राहायचे. बॅटरी लावायची नाही, कारण पिल्ले उजेडाकडे वळतात आणि वाट चुकतात. एक पिल्लू उलटे पडले. सगळे लोक "अरे अरे" म्हणाले. पण ते आपोआप सरळ झाले आणि लाटेत गेले. आजीने हात जोडले.

हजार पिल्लांतून एखादेच मोठे होते असे म्हणतात. जी मादी मोठी होते ती पुष्कळ वर्षांनी अंडी घालायला आपण जन्मलो त्याच भागात येते. म्हणून एका वर्षाचे काम करून भागत नाही. आज सोडलेले पिल्लू आई होऊन येईल तेव्हा आपण कॉलेजात असू किंवा आपले शिक्षण संपलेले असेल.

कासवे पाहायला आता शहरांतून लोक येतात. ते गावकऱ्यांच्या घरीच राहतात आणि मोदक, सोलकढी, भाकरी खातात. त्याचे गावाला पैसे मिळतात. अंडी विकून जे मिळत होते ते एकदाच मिळत होते. अंडी राखून दर वर्षी मिळते.

आपल्या नाल्याचा आणि कासवाचा संबंध

कोणी म्हणेल की वेळास तिकडे, गिरड इकडे, आपला काय संबंध? मीही मामाला हेच विचारलं. मामाने वाळूवर काडीने नकाशा काढला.

आपल्या टेकडीवर पाऊस पडतो. ते पाणी नाल्याने नदीला जाते. आपल्या जिल्ह्याचे पाणी वर्धा नदी घेते. वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते. प्राणहिता गोदावरीला मिळते. गोदावरी आंध्र प्रदेशात जाऊन बंगालच्या उपसागराला मिळते. म्हणजे आपले पाणी पूर्वेच्या समुद्रात जाते. आणि पाण्याबरोबर आपण नाल्यात फेकलेली पन्नीही जाऊ शकते.

कासव समुद्रात जेली मासे खाते. पाण्यात तरंगणारी पन्नी त्याला जेली माशासारखीच दिसते. ते ती गिळते. पन्नी पोटात अडकते आणि कासव मरते.

तुम्ही म्हणाल, ती पूर्वेची कासवे, वेळासची पश्चिमेची. तर ऐका. २०२१ साली ओडिशाच्या किनाऱ्यावर एका मादी कासवाच्या पराला नंबराचा बिल्ला लावला होता. तीच मादी २०२५ साली जानेवारीत रत्नागिरी जिल्ह्यात गुहागरला अंडी घालायला आली. पूर्वेहून पश्चिमेला, अंदाजे साडेतीन हजार कि.मी. तिच्याजवळ ना तिकीट होते ना नकाशा. समुद्र सगळा एकच आहे. आणि नाल्याने आपणही त्याला जोडलेले आहोत. आता आपल्या तालुक्याचे नाव समुद्रपूर आहे ते मला बरोबर वाटते.

आपली टेकडी

आता आपल्या गावाकडे येते. बाहेरचे लोक गिरडला का येतात? टेकडीवर बाबा फरीदचा दर्गा आहे म्हणून. हिंदू-मुसलमान दोघेही येतात. टेकडीवरून जंगल दिसते. होळीच्या वेळी पळस फुलला की जंगल पेटल्यासारखे दिसते. मोहाच्या दिवसांत पहाटे फुले वेचायला मोठी माणसे जातात. खुर्सापारकडच्या जंगलात वाघ आहे म्हणून मुलांनी एकटे जायचे नाही, हे आपल्याला घरी सांगतात. जसे वेळासच्या मुलांना ओहोटीत उतरू नको म्हणून सांगतात, तसेच हे.

टेकडीवर गोल गोल गोटे सापडतात. कोणी त्यांना सुपारी म्हणतात, कोणी जायफळ. गोष्ट अशी सांगतात की मालाची पोती घेऊन व्यापारी चालले होते. त्यांनी बाबाची थट्टा केली, आणि त्यांच्या सगळ्या मालाचे दगड झाले.

मामाने त्याचे विज्ञानही सांगितले. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी या भागात जमिनीतून तापलेला रस बाहेर आला. त्याला लाव्हा म्हणतात. तो थंड होऊन काळा दगड झाला. भाकरी तव्यावर फुगते तेव्हा तिच्यात फोड येतात, तसे त्या रसात हवेचे बुडबुडे होते. ते पोकळ राहिले. पुढे त्या पोकळ्यांत पाणी मुरले आणि त्यातले क्षार साचून आत गोळे तयार झाले. अशा खनिजांना झिओलाइट म्हणतात. बाहेरचा दगड झिजून माती झाला, गोळे तसेच राहिले. तीच आपली सुपारी. त्या काळातल्या लाव्हाचे थर इथून पार कोकणापर्यंत पसरले आहेत. बाणकोटच्या बाजूचा काळा दगड आणि आपल्या टेकडीचा काळा दगड भाऊच समजा.

मी आजीला विचारलं की मामाचं खरं का तुझं खरं? आजी म्हणाली, "तुमचं विज्ञान तुम्ही पाहा. पण बाबाच्या टेकडीचा गोटा घरी आणू नोको. ज्याचं त्याच्यापाशी राहू दे." मामाही म्हणतो की गोटे टेकडीवरच राहू द्यावे. म्हणजे दोघांचे बोलणे शेवटी एकच झाले.

पण आपण काय करतो? पाहुणे आठवण म्हणून गोटे नेतात. पोट्टे खिसे भरून आणतात, दोन दिवस खेळतात आणि मग ते घरामागे फेकतात. उन्हाळ्यात वर जाऊन पाहावे, पन्न्या काट्यांना लटकलेल्या असतात. पहिल्या पावसात त्या नाल्यात येतात. पुढे त्या कुठे जातात ते वर लिहिले आहे.

आणि एक गोष्ट लक्षात ठेवावी. कासव दर वर्षी येऊन अंडी घालते. टेकडी दर वर्षी सुपारी घालत नाही. तिने साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दिले ते दिले.

आपण काय करू शकतो

वेळासच्या लोकांनी काही मोठे यंत्र आणले नाही. जाळी, टोपली, पाटी आणि पहाटे उठणारी माणसे, एवढ्यावर काम केले. एवढे आपल्याकडेही आहे. मला असे वाटते :

१) टेकडीवर गेलो की गोटे पाहावे, हातात घ्यावे, मोजावे आणि तिथेच ठेवावे.
२) नेलेली पन्नी परत खाली आणावी. जत्रेच्या दिवशी मोठ्या मुलांनी पायथ्याशी पोते धरून उभे राहावे. येणारे लोक लहान मुलाने मागितले तर नाही म्हणत नाहीत.
३) पाहुणे आले तर त्यांना सुपारीची गोष्ट आणि विज्ञान दोन्ही सांगावे. ज्याला गोष्ट माहीत झाली तो गोटा नेणार नाही.
४) पावसाळ्याच्या आधी शाळेजवळचा नाला एकदा सगळ्यांनी मिळून साफ करावा. पाऊस सुरू झाल्यावर मात्र नाल्यात उतरू नये.

आमच्या वर्गाने पहिलीच्या दारापाशी एक टोपली ठेवली आहे. घरी, अंगणात, कपाटावर टेकडीचे गोटे असतील तर आणून तिच्यात टाकावे. कोणाला नाव विचारणार नाही. टोपली भरली की शनिवारी गुरुजींबरोबर आम्ही ते गोटे वर नेऊन ठेवू. पालकांनीही आणले तर चालतील.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी
जि. प. प्राथमिक शाळा, गिरड